गाभा एक, चेहरे अनेक

[संगणकाला काम सांगताना आज्ञांची मांडणी कशी करावी, याचा एक उपयोगी नियम या पाठात सांगितला आहे. काम करणारा भाग आणि काम दाखवणारा भाग वेगवेगळे ठेवले, की एकदा केलेले काम अनेक ठिकाणी वापरता येते. शिलाईचे यंत्र, बुद्धिबळ, शाळेचा निकाल आणि उर्दू लिपी यांच्या उदाहरणांतून हा नियम समजून घ्या.]



तुम्ही शिंप्याच्या दुकानात शिलाईचे यंत्र पाहिले असेल. काही यंत्रे हाताने दांडा फिरवून चालवतात. काही यंत्रांना खाली लोखंडी पाटी असते. ती पायांनी हलवली, की पट्टा फिरतो आणि यंत्र चालू लागते. काही यंत्रांना विजेची छोटी मोटर लावलेली असते. तिथे पायाने कळ दाबली, की सुई भराभर वरखाली होते.

आता जरा जवळ जाऊन पाहा. तिन्ही यंत्रांचा वरचा भाग जवळजवळ सारखाच असतो. वरून दोरा घेऊन येणारी सुई तीच. खालून दोरा देणारी बॉबिन तीच. कापड पुढे सरकवणारे बारीक दातेही तेच. टाका घालण्याचे खरे काम हे भाग करतात. चाक हाताने फिरते, पायाने फिरते की विजेने फिरते, हे सुईला ठाऊक नसते. चाक फिरले, की सुई टाका घालते.

म्हणूनच पायाने चालणाऱ्या जुन्या यंत्राला मोटर बसवता येते. त्यासाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. वीज गेली, तर पट्टा चढवून तेच यंत्र पुन्हा पायाने चालवता येते. काम करणारा भाग आणि चालवण्याचा भाग वेगळे आहेत, म्हणून हे जमते.

हीच गोष्ट संगणकाच्या बाबतीत कशी लागू पडते, ते आता पाहू.

आज्ञावलीचे दोन भाग

संगणक स्वतःहून काही करत नाही. त्याला एकापाठोपाठ एक आज्ञा द्याव्या लागतात. अशा आज्ञांच्या मालिकेला आज्ञावली म्हणतात. तिलाच प्रोग्रॅम असेही नाव आहे.

बहुतेक आज्ञावलींत दोन प्रकारची कामे असतात. पहिल्या प्रकारात हिशेब करणे, नियम लावणे आणि उत्तर शोधणे ही कामे येतात. दुसऱ्या प्रकारात माणसाशी बोलण्याची कामे येतात. पडद्यावर अक्षरे दाखवणे, बटण दाबले की नाही ते पाहणे, रंग देणे, कागदावर छापणे, आवाज काढणे ही ती कामे होत.

पहिल्या भागाला आपण 'गाभा' म्हणू आणि दुसऱ्याला 'चेहरा' म्हणू. चेहरा हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. गाभा म्हणजे आतला मुख्य भाग. फळाच्या आत गर असतो, तसा आज्ञावलीच्या आत गाभा असतो.

नियम असा आहे : गाभा आणि चेहरा एकमेकांत मिसळू नका. दोघांना वेगळे ठेवा आणि त्यांच्यामध्ये ठरावीक, थोडीच बोलणी होऊ द्या.

हा विचार नवा नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पालो आल्टो या गावी झेरॉक्स कंपनीचे संशोधन केंद्र होते. तिथे १९७९ साली ट्रिग्वे रीन्सकाउग या नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी आज्ञावलीचे तीन भाग करण्याची पद्धत मांडली. एक भाग माहिती आणि तिचे नियम सांभाळतो. दुसरा भाग ती माहिती दाखवतो. तिसरा भाग माणसाने केलेल्या सूचना आत पोहोचवतो. आज जगभर हजारो आज्ञावली याच पद्धतीने किंवा तिच्यात थोडा बदल करून लिहिल्या जातात.

पट नसलेला खेळाडू

तुमच्यापैकी अनेकांना बुद्धिबळ येत असेल. उर्दूत आपण त्याला शतरंज म्हणतो. वजीर आणि प्यादे तर दोन्ही भाषांत आहेत.

१९९७ सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्क येथे एक गाजलेला सामना झाला. एका बाजूला होता त्या वेळचा विश्वविजेता गॅरी कास्पारोव्ह. दुसऱ्या बाजूला होता आयबीएम कंपनीचा 'डीप ब्लू' नावाचा संगणक. हा संगणक एका सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासू शकत असे. सहा डावांचा हा सामना डीप ब्लूने साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी जिंकला.

पण डीप ब्लूला हात नव्हते, डोळेही नव्हते. मग तो पटावर कसा खेळला? कास्पारोव्हच्या समोर आयबीएमच्या चमूतील एक माणूस बसत असे. कास्पारोव्हने चाल केली, की तो ती संगणकाला कळवी. संगणकाने उत्तर दिले, की तो पटावरचा मोहरा हलवी. विचार करणारा वेगळा आणि मोहरा हलवणारा वेगळा! विचार करणारा संगणक हा गाभा होता आणि समोर बसलेला माणूस हा त्याचा चेहरा होता.

पुढे ही मांडणी सर्वांसाठी सोपी झाली. नोव्हेंबर २००० मध्ये रुडॉल्फ हुबर आणि स्टेफान मायर-काहलेन या दोघांनी काही ठरावीक आज्ञा प्रसिद्ध केल्या. बुद्धिबळाचा विचार करणाऱ्या आज्ञावलीला इंजिन म्हणतात. त्या इंजिनाशी पट दाखवणाऱ्या आज्ञावलीने कोणत्या शब्दांत बोलावे, हे त्यांनी ठरवून दिले. या बोलीला 'यूसीआय' म्हणतात.

ही बोली अगदी साधी आहे. त्यात चित्रे नाहीत, रंग नाहीत. फक्त अक्षरांच्या ओळी आहेत. चेहरा इंजिनाला लिहून सांगतो, "डाव सुरुवातीपासून असा झाला आहे : ई२ वरचे प्यादे ई४ वर गेले." मग म्हणतो, "आता एक सेकंद विचार कर." इंजिन विचार करते आणि एका ओळीत उत्तर देते, "उत्तम चाल : ई७ वरून ई५." एवढेच! ती चाल पडद्यावर कशी दाखवायची, हे इंजिन विचारत नाही आणि सांगतही नाही.

या बोलीत बोलणारे सर्वांत प्रसिद्ध इंजिन म्हणजे 'स्टॉकफिश'. ते २००८ साली प्रथम प्रसिद्ध झाले. नॉर्वेच्या टॉर्ड रोमस्टाड यांनी आधी एक इंजिन लिहिले होते. इटलीच्या मार्को कोस्टाल्बा यांनी ते घेऊन पुढे वाढवले. स्टॉकफिश म्हणजे थंड वाऱ्यात वाळवलेला कॉड मासा. तो नॉर्वेत तयार होतो आणि इटलीत शिजवून खातात. इंजिनाची वाटचालही तशीच झाली, म्हणून कोस्टाल्बा यांनी त्याला हे गमतीदार नाव दिले.

आता या मांडणीचा लाभ पाहा. स्टॉकफिशचा गाभा एकच आहे, पण त्याचे चेहरे अनेक आहेत. तोच गाभा मोठ्या संगणकावर चालतो. तोच खिशातल्या मोबाइलवर चालतो. संकेतस्थळावर डाव तपासायलाही तोच असतो. कोणी लाकडी पटाखाली तारा बसवून मोहऱ्यांची जागा ओळखणारा पट करतो आणि त्याला हेच इंजिन जोडतो. ज्यांना दिसत नाही, अशा खेळाडूंसाठी चाल आवाजात सांगणारा चेहरा करता येतो. या प्रत्येक वेळी विचार करण्याची अवघड आज्ञावली नव्याने लिहावी लागत नाही.

उलट बाजूनेही लाभ आहे. एखाद्याला पटाची चित्रे सुंदर काढता येतात, पण इंजिन लिहिता येत नाही. तो फक्त चेहरा लिहितो आणि इंजिन दुसऱ्याचे घेतो. इंजिनाची नवी, अधिक हुशार आवृत्ती आली, की जुनी काढून नवी ठेवतो. चेहऱ्यात बदल करावा लागत नाही. मोटर बदलली तरी सुई तीच राहते आणि सुई बदलली तरी मोटर तीच राहते, तसेच हे आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. चेहरा म्हणजे नुसता रंगवलेला पडदा नव्हे. पट दाखवणाऱ्या आज्ञावलीलाही खेळाचे नियम ठाऊक असावे लागतात. घोडा अडीच घरेच जातो, हे ती पाहते आणि तुमची चुकीची चाल तिथेच थांबवते. मात्र उत्तम चाल शोधण्याचे काम इंजिनाचेच असते. कोणते काम कोणाचे, हे आधी ठरवावे लागते.

एका निकालाची गोष्ट

गाभा आणि चेहरा एकमेकांत मिसळले, तर काय होते? खेळात त्रास झाला, तर एक डाव जातो. पण काही ठिकाणी त्याची किंमत मोठी असते. एक उदाहरण घेऊ.

समजा, एका शाळेने निकालासाठी आज्ञावली तयार करून घेतली. नियम असा होता : लेखी परीक्षा ८० गुणांची, तोंडी परीक्षा २० गुणांची. दोन्ही मिळून ३५ गुण मिळाले, की विद्यार्थी उत्तीर्ण.

ही आज्ञावली तीन ठिकाणी निकाल देत असे. पहिले ठिकाण म्हणजे कार्यालयातील संगणकाचा पडदा. दुसरे म्हणजे पालकांच्या मोबाइलवर जाणारा संदेश. तिसरे म्हणजे छापील गुणपत्रिका. लिहिणाऱ्याने घाईत काय केले? पडद्याच्या आज्ञांमध्ये ३५ गुणांचा नियम लिहिला. संदेशाच्या आज्ञांमध्ये तोच नियम पुन्हा लिहिला. छपाईच्या आज्ञांमध्ये तिसऱ्यांदा लिहिला. पहिल्या वर्षी सगळे ठीक चालले.

दुसऱ्या वर्षी शाळेने एक नवा नियम केला. एकूण गुणांत अर्धा गुण आला, तर तो पूर्ण धरावा. लिहिणाऱ्याने पडद्याच्या आज्ञा बदलल्या. संदेशाच्या आज्ञाही बदलल्या. छपाईच्या आज्ञा बदलायच्या राहून गेल्या.

त्या वर्षी एका मुलीला लेखी परीक्षेत २८ गुण मिळाले आणि तोंडी परीक्षेत साडेसहा. बेरीज झाली साडेचौतीस. नव्या नियमाने तिचे ३५ गुण धरायला हवेत. कार्यालयाच्या पडद्यावर दिसले 'उत्तीर्ण'. वडिलांच्या मोबाइलवर संदेश गेला 'उत्तीर्ण'. घरात मिठाई वाटली गेली. दोन दिवसांनी गुणपत्रिका हाती आली. तिच्यावर छापले होते, 'अनुत्तीर्ण'.

आता सांगा, पुढच्या वर्गात प्रवेश घेताना कोणता कागद मागतील? छापील गुणपत्रिकाच ना? वर्षभर अभ्यास करून जे मिळवले, ते एका विसरलेल्या ओळीमुळे हातातून जाऊ शकते. संगणकाने चूक केली असे लोक म्हणतील. पण संगणकाने तिन्ही ठिकाणी त्याला सांगितले तेच केले. एकच नियम तीन ठिकाणी लिहिला, ही खरी चूक.

आता हेच काम नीट कसे करावे, ते पाहू. नियम फक्त एकाच ठिकाणी लिहायचा. त्याला 'निकाल' असे नाव देऊ.

निकाल
(घ्यायचे : लेखी गुण, तोंडी गुण)
१. लेखी गुण ० ते ८० च्या बाहेर असतील किंवा तोंडी गुण ० ते २० च्या बाहेर असतील, तर ९ ही खूण परत द्या आणि थांबा.
२. दोन्ही गुणांची बेरीज करा.
३. बेरजेत अर्धा गुण असेल, तर तो पूर्ण धरा.
४. बेरीज ३५ किंवा त्याहून अधिक असेल, तर १ ही खूण परत द्या. नाहीतर ० ही खूण परत द्या.

हा झाला गाभा. यात पडदा नाही, मोबाइल नाही, छपाई नाही. हा भाग काहीही दाखवत नाही. दोन आकडे घेतो आणि एक खूण परत देतो.

पडदा, संदेश आणि गुणपत्रिका हे तीन चेहरे आता स्वतः हिशेब करत नाहीत. ते 'निकाल'ला विचारतात. १ ही खूण आली, की पडदा हिरव्या रंगात 'उत्तीर्ण' असे दाखवतो. उर्दू गुणपत्रिका त्याच खुणेवरून 'कामयाब' असे छापते. ९ ही खूण आली, की कार्यालयाला कळते की गुण लिहिताना काही चूक झाली आहे. उद्या नियम बदलला, तर एकच जागा बदलायची. तिन्ही चेहऱ्यांना नवा नियम एकाच वेळी मिळतो.

याचा आणखी एक मोठा लाभ आहे. गाभा वेगळा असला, की पडद्याशिवायही त्याची परीक्षा घेता येते. आधी स्वतः उत्तरे काढून ठेवायची आणि मग गाभ्याला विचारायचे :

लेखी २८, तोंडी ७ — यायला हवे १
लेखी २८, तोंडी साडेसहा — यायला हवे १
लेखी २८, तोंडी ६ — यायला हवे ०
लेखी ०, तोंडी ० — यायला हवे ०
लेखी ८५, तोंडी १० — यायला हवे ९

पाहा, आपण मुद्दाम सीमेजवळचे आकडे घेतले आहेत. चुका बहुधा सीमेवरच लपून बसतात. पाचही उत्तरे बरोबर आली, तरच आज्ञावली कामाला लावायची. नियमात बदल केला, की ही परीक्षा पुन्हा घ्यायची. त्या मुलीचे साडेचौतीस गुण अशा परीक्षेत आधीच दिसले असते.

'बे' एक, आकार चार

आता तुमच्या रोजच्या लिपीतले उदाहरण घ्या. उर्दूतील 'बे' हे अक्षर आठवा. 'बात' या शब्दात ते सुरुवातीला येते. 'कबूतर' या शब्दात ते मध्ये येते. 'सब' या शब्दात ते शेवटी जोडून येते. 'किताब' या शब्दात ते अलिफनंतर सुटे येते. चारही ठिकाणी त्याचा आकार वेगळा दिसतो. पण तुम्ही वाचताना त्याला 'बे'च म्हणता.

संगणकही तसेच करतो. जगातील लिप्यांसाठी 'युनिकोड' नावाची एक व्यवस्था आहे. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे. 'बे'चा क्रमांक १५७६ आहे. मराठीतील 'क' चा क्रमांक २३२५ आहे. 'बात' लिहा की 'किताब' लिहा, संगणक आत १५७६ हाच क्रमांक ठेवतो. आकार सुरुवातीचा हवा की शेवटचा, हे आत साठवत नाहीत. दाखवताना शेजारची अक्षरे पाहून योग्य आकार निवडला जातो. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते आणि मराठी डावीकडून उजवीकडे. पण आत दोन्ही मजकूर वाचण्याच्या क्रमानेच ठेवलेले असतात. दिशा ठरवण्याचे काम दाखवताना होते.

म्हणजे अक्षरांचे क्रमांक हा गाभा आणि अक्षरांचे वळण हा चेहरा. तोच मजकूर नस्ख वळणात दाखवा किंवा नस्तालीक वळणात दाखवा, आतले क्रमांक बदलत नाहीत. नस्तालीकचा चेहरा संगणकावर आणणे मात्र सोपे नव्हते. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या हातून 'नूरी नस्तालीक' तयार झाले. त्यासाठी अक्षरांच्या हजारो जोडाकृती तयार कराव्या लागल्या. त्याआधी उर्दू वर्तमानपत्रांची पाने कातिब हाताने लिहीत असत.

गाभा आणि चेहरा मिसळल्याचा त्रास मराठीनेही सोसला आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठीसाठी अनेक फाँट होते. त्यांत क्रमांक अक्षराला नव्हता, तर अक्षराच्या आकाराला होता आणि प्रत्येक फाँटचे क्रमांक निराळे होते. एका संगणकावर लिहिलेले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले आणि तिथे तो फाँट नसला, तर पत्राऐवजी अर्थहीन खुणा दिसत. मजकूर आणि त्याचा चेहरा एकमेकांना बांधलेले होते. चेहरा गेला, की मजकूरही गेल्यासारखाच होई.

वेगळे कसे करावे?

तुम्ही पुढे कधी आज्ञावली लिहिली, तर स्वतःला हे चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : पडदा काढून टाकला, तर हे काम चालेल का? चालत असेल, तर ते काम गाभ्यात ठेवा. गुणांची बेरीज पडद्याशिवाय होते. अक्षरांचा रंग पडद्याशिवाय निरर्थक आहे.

दुसरा प्रश्न : गाभ्याला चेहऱ्याची ओळख आहे का? ती नसावी. चेहरा गाभ्याला प्रश्न विचारतो. गाभा उत्तर देतो, पण कोणी विचारले हे त्याला ठाऊक नसते.

तिसरा प्रश्न : एकच नियम दोन ठिकाणी लिहिला आहे का? तसे असेल, तर एक दिवस त्यातला एक बदलायचा राहणार, हे नक्की समजा.

चौथा प्रश्न : चुकीची माहिती कोण अडवणार? कार्यालयातील पडद्याने ८५ गुण लिहिताच तांबडी खूण दाखवली, तर चांगलेच. लिहिणाऱ्याला लगेच कळते. पण गाभ्यानेही ते तपासलेच पाहिजे. कारण उद्या येणारा नवा चेहरा तपासेलच, असे नाही. घराला फाटक असले, तरी आपण दाराला कडी लावतोच.

मात्र प्रत्येक ठिकाणी हा खटाटोप करण्याची गरज नसते. दहा ओळींची, एकदाच वापरून टाकून द्यायची आज्ञावली असेल, तर ती साधीच ठेवावी. पण जे काम वर्षानुवर्षे चालणार आहे आणि ज्यावर दुसऱ्या कोणाचे नुकसान किंवा हित अवलंबून आहे, तिथे सुरुवातीलाच गाभा वेगळा करावा. नंतर वेगळा करायला गेले, तर गुंतलेला दोरा सोडवण्यासारखे कष्ट पडतात.

मित्रांनो, चेहरे बदलत राहतात. आज मोबाइल आहे, उद्या आणखी काही येईल. नीट विचार करून, पारखून घेतलेला गाभा मात्र प्रत्येक नव्या चेहऱ्यामागे कामाला येतो.

शब्दार्थ

गाभा — आतला मुख्य भाग
आज्ञा — हुकूम
आज्ञावली — संगणकाला दिलेल्या आज्ञांची मालिका
मोहरा — बुद्धिबळातील सोंगटी
चमू — एकत्र काम करणाऱ्यांचा गट
खूण — निशाणी
उत्तीर्ण — पास, कामयाब
अनुत्तीर्ण — नापास
सीमा — हद्द
वळण — अक्षर लिहिण्याची पद्धत
निरर्थक — अर्थ नसलेले
खटाटोप — पुष्कळ धडपड
पारखणे — नीट तपासून पाहणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आज्ञावली म्हणजे काय?
(आ) डीप ब्लू आणि कास्पारोव्ह यांचा सामना कोठे झाला?
(इ) इंजिनाला 'स्टॉकफिश' हे नाव का दिले गेले?
(ई) युनिकोडमध्ये 'बे' या अक्षराचा क्रमांक कोणता?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शिलाईच्या यंत्रातील कोणता भाग गाभा आहे आणि कोणता चेहरा? का?
(आ) मुलीच्या गुणपत्रिकेवर 'अनुत्तीर्ण' असे का छापले गेले?
(इ) गुण तपासण्याचे काम गाभ्यानेही का केले पाहिजे?

प्र. ३. पुढील कामांपैकी गाभ्याची कामे कोणती आणि चेहऱ्याची कामे कोणती, ते लिहा.
गुणांची बेरीज करणे. निकाल हिरव्या रंगात दाखवणे. अर्धा गुण पूर्ण धरणे. 'कामयाब' हा शब्द छापणे. बुद्धिबळातील उत्तम चाल शोधणे. चाल आवाजात सांगणे.

प्र. ४. 'निकाल' या गाभ्याला पुढील गुण दिले, तर कोणती खूण परत येईल?
(अ) लेखी ३०, तोंडी ४
(आ) लेखी २५, तोंडी साडेनऊ
(इ) लेखी ४०, तोंडी २२

प्र. ५. भाषाभ्यास
(अ) पुढील मराठी शब्द उर्दू शब्दांच्या जवळचे आहेत. त्यांचे उर्दू रूप तुमच्या वहीत उर्दू लिपीत लिहा : हिशेब, पडदा, कागद, हुकूम, वजीर, बाजू.
(आ) उर्दूत दोन लिंगे आहेत. मराठीत तीन आहेत. जसे : तो पडदा, ती खूण, ते यंत्र. पुढील शब्दांपूर्वी तो, ती किंवा ते लिहा : गाभा, आज्ञा, काम, चेहरा, लिपी, अक्षर.
(इ) वाक्यात उपयोग करा : ठाऊक असणे, राहून जाणे, लक्षात ठेवणे.

उपक्रम : तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात पुस्तक उशिरा परत केले, तर दंड किती, याचा नियम विचारून घ्या. 'निकाल'प्रमाणे 'दंड' नावाचा गाभा वहीत लिहा. मग एका मित्राला किंवा मैत्रिणीला तो वाचायला द्या आणि सीमेजवळचे पाच आकडे घेऊन त्याची परीक्षा घ्यायला सांगा.